ट्रेंच टाऊनचा बॉब

आमच्या होस्टेलमध्ये बॉब मार्लेचा फोटो असलेले टी-शर्ट चार-पाच तरी सहज निघतील. पण हा माणूस कुठला, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच, अमेरिका! म्हणून हा लेखप्रपंच.

मित्रांनो, बॉब जमैकाचा. ६ फेब्रुवारी १९४५ ला नाइन माइल या डोंगरातल्या खेड्यात जन्मला आणि राजधानी किंग्स्टनच्या ट्रेंच टाऊन नावाच्या गरीब वस्तीत वाढला. तिथली पोरं रेडिओवर अमेरिकन स्टेशनं पकडायची. त्या गाण्यांत इथला ताल मिसळून आधी 'स्का' आणि १९६८ च्या सुमारास 'रेगे' तयार झालं. म्हणजे ज्याला आपण अस्सल जमैकन म्हणतो, त्यातही बाहेरचं पाणी आहेच.

१९६३ मध्ये पीटर टॉश, बनी वेलर वगैरे मित्रांबरोबर त्याने 'वेलर्स' ग्रुप काढला. १९६६ मध्ये काही महिने अमेरिकेत क्रायस्लरच्या कारखान्यात नोकरीही केली. (मेकॅनिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा!)

खरी गंमत पुढे आहे. किंग्स्टनमध्ये रेकॉर्ड केलेल्या टेप 'आयलंड रेकॉर्ड्स'च्या ख्रिस ब्लॅकवेलने लंडनमध्ये रॉकवाल्यांच्या कानांसाठी सजवल्या. गिटार वाजवायला वेन पर्किन्स आला, अमेरिकेतल्या अलाबामाचा. त्याला हा ताल आधी उमजेचना. आपल्याकडे समेवर जोर असतो. इथे ड्रमर पहिली मात्रा चक्क रिकामी सोडतो आणि ठोका तिसरीवर! १९७३ ला 'कॅच अ फायर' आला. काही जण याला भेसळ म्हणतात. मला नाही पटत. गिटार बाहेरची असेल, पण बेस, बोली आणि राग सगळा तिथलाच राहिला. १९७५ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरमधलं पब्लिक त्याच्यासोबत ट्रेंच टाऊनच्या सरकारी घरांच्या अंगणाबद्दल गात होतं. त्या गाण्याचं श्रेय कागदोपत्री आहे व्हिन्सेंट फोर्ड या वस्तीतल्या मित्राच्या नावावर, जो तिथे गरिबांना सूप वाटायचा.

डिसेंबर १९७६ मध्ये घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोनच दिवसांनी हा स्टेजवर! मग काही काळ लंडन. एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात तो स्वखर्चाने जाऊन गायला. कॅन्सरने ११ मे १९८१ ला, जमैकाला परतताना मायामीत गेला. वय फक्त ३६. पुरलं मात्र नाइन माइललाच.

१९८४ चा 'लेजेंड' हा संग्रह सगळ्यात जास्त खपला. त्यात गोड गाणी घेतली, चिडलेली बहुतेक गाळली. तुमच्याकडे तेवढंच असेल तर 'कॅच अ फायर' ऐका. हेडफोन लावून, बेसकडे लक्ष देऊन.