करसनदास मुळजी

करसनदास मुळजी (२५ जुलै, इ.स. १८३२, मुंबई – २८ ऑगस्ट, इ.स. १८७१) हे गुजराती पत्रकार व समाजसुधारक होते. धर्मगुरूंच्या निरंकुश सत्तेविरुद्ध लढलेल्या 'महाराज लायबल केस' या खटल्यामुळे ते ओळखले जातात.

जीवन

करसनदासांचा जन्म कपोळ वाणी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत झाले. विधवाविवाहाच्या बाजूने निबंध लिहिल्यामुळे त्यांना सांभाळणाऱ्या नातेवाईक स्त्रीने त्यांना घराबाहेर काढले. इ.स. १८५५ मध्ये त्यांनी 'सत्यप्रकाश' हे साप्ताहिक सुरू केले.

महाराजांची सत्ता

पुष्टिमार्गाच्या धर्मगुरूंना 'महाराज' म्हणत. ते वल्लभाचार्यांचे वंशज असल्याने अनुयायी त्यांना कृष्णस्वरूप मानीत आणि तन, मन व धन त्यांना अर्पण करणे हे कर्तव्य समजत. व्यापारी आपल्या मालाच्या उलाढालीवर 'लागा' नावाची पट्टी मंदिरांसाठी देत. आज्ञा मोडणाऱ्यास जातिबहिष्काराचे भय असे. महाराजांना न्यायालयात हजर राहावे लागू नये यासाठी अनुयायांकडून लेखी करारही करून घेण्यात आला होता. करसनदासांनी त्यावर 'गुलामीखत' म्हणून टीका केली.

महाराज लायबल केस

२१ ऑक्टोबर, इ.स. १८६० रोजी 'सत्यप्रकाश'मधील लेखात करसनदासांनी महाराजांवर स्त्री-अनुयायांच्या लैंगिक शोषणाचा आरोप केला. सुरतेच्या जदुनाथजी महाराजांनी इ.स. १८६१ मध्ये त्यांच्यावर ५०,००० रुपयांचा बदनामीचा दावा लावला. भाटिया समाजातील पुढाऱ्यांनी महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये असे ठरविले. याबद्दल त्यांच्यावर कटाचा खटला होऊन त्यांना दंड झाला.

मुख्य सुनावणी जानेवारी, इ.स. १८६२ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्य या नात्याने जदुनाथजींच्या गुप्तरोगाबद्दल साक्ष दिली. २२ एप्रिल रोजी मुख्य न्यायाधीश मॅथ्यू सॉसे व न्यायाधीश जोसेफ आर्नोल्ड यांनी निकाल दिला. लेखातील आरोप सिद्ध झाल्याने मुख्य मुद्द्यावर करसनदास विजयी झाले व त्यांना खर्चापोटी ११,५०० रुपये देण्याचा आदेश झाला. धर्मगुरूचे पद कोणालाही कायद्याच्या व नीतीच्या वर नेत नाही, हे या निकालाने स्पष्ट झाले.

उत्तरायुष्य

इ.स. १८६३ मध्ये करसनदास इंग्लंडला गेले. समुद्रप्रवासामुळे त्यांना जातीबाहेर टाकण्यात आले. पुढे त्यांनी काठियावाडातील संस्थानांत प्रशासकाचे काम केले. इ.स. २०२४ मधील 'महाराज' हा हिंदी चित्रपट या खटल्यावर आधारित आहे.