भुईमुगाच्या तेलावर चाललेले यंत्र

विहिरीवरचे इंजिन सुरू करताना शेतकरी ज्याचे नाव सहज घेतो तो डिझेल नावाचा एक माणूस होता, याची आठवण क्वचितच कोणाला असते. पेट्रोल पंपावर, एस.टी.च्या आगारात आणि महागाईवरील वादात हे नाव आता केवळ पदार्थवाचक होऊन बसले आहे. वस्तुतः रुडॉल्फ डिझेल याने तेल शोधले नाही, यंत्र शोधले. आणि त्या यंत्रात कोणते तेल घालावे याविषयी त्याचे मन अखेरपर्यंत खुले होते. इंधनाच्या आयातीने आपला परकीय चलनाचा साठा पोखरला जात असताना या माणसाच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहणे अस्थानी ठरणार नाही.

त्याचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये झाला. आईबाप जर्मन, वडील पुस्तकबांधणीचा आणि चामडी वस्तूंचा व्यवसाय करीत. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथील हलाखीत बारा वर्षांच्या मुलाला आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे धाडण्यात आले. पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात तो कार्ल फॉन लिंडे या प्रशीतनशास्त्राच्या थोर आचार्याचा शिष्य झाला. उत्तमातले उत्तम वाफेचे यंत्रही कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते, उरलेली वाया जाते, हे त्याला तेथे समजले. विद्यार्थिदशेत मनात रुतलेल्या या एका आकड्याने त्याचे सारे आयुष्य व्यापले.

१८९२ साली त्याने आपल्या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. कल्पना सांगायला सोपी होती. सिलिंडरमध्ये केवळ हवा घेऊन ती इतकी दाबायची की ती तापून लाल लोखंडासारखी व्हावी, आणि मग इंधन आत सोडायचे. ते ठिणगीवाचून आपोआप पेटते. आउग्सबुर्गच्या कारखान्याने आणि क्रुपने पैसा पुरवला. १८९३ च्या पहिल्या चाचणीत दाबमापक फुटून त्याचे तुकडे उडाले. पुढची चार वर्षे अशाच अपयशांत गेली. १८९७ साली प्राध्यापक श्र्योटर यांनी केलेल्या रीतसर चाचणीत यंत्राने २६.२ टक्के उष्णता कामी लावल्याचे सिद्ध झाले. अभियांत्रिकीच्या इतिहासात इतकी मोठी उडी एका पिढीत क्वचितच घडली असेल.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटेसे डिझेल यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. ते इतके सुरळीत चालले की इंधन बदलल्याचे फारच थोड्यांच्या ध्यानात आले. यामागे फ्रेंच सरकारची प्रेरणा होती. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग उदंड पिकत होता. तेथल्या तेथे यंत्रे चालली तर कोळसा वाहून नेण्याचा खर्च वाचणार होता. हेतू साम्राज्याचा होता, हे विसरता येत नाही. परंतु डिझेलला त्यात निराळेच काही दिसले. वनस्पतितेले आज नगण्य वाटत असली तरी पुढे खनिज तेल आणि कोळसा यांच्या तोडीची ठरू शकतील, असे मत त्याने १९१२ मध्ये जाहीरपणे मांडले.

हे घडले का नाही? यंत्रात दोष होता म्हणून नव्हे, किमतीमुळे. जमिनीतून उपसलेले तेल इतके स्वस्त होते की शेतातले तेल त्याच्याशी स्पर्धा करू शकेना. आजही शेंगदाण्याचे तेल डिझेलहून कितीतरी महाग आहे आणि आपण आपल्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आयात करतो. जे तेल फोडणीला पुरत नाही ते बसगाडीत ओतणे शहाणपणाचे नाही, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणून बाजारावर विसंबून हे संक्रमण होत नाही. सरकारला किमतीत हात घालावा लागतो. अमेरिकेने २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी तेलशुद्धीकरण कंपन्यांवर जैवइंधन मिसळण्याचे बंधन घातले. जो अधिक मिसळतो त्याच्याजवळ पत-अंक शिल्लक राहतात, जो कमी मिसळतो त्याला ते विकत घ्यावे लागतात. या अंकांचे भाव इतके खालीवर होतात की लहान कंपन्यांची कायम तक्रार असते, तरीही योजना टिकून आहे. आपण निराळा मार्ग धरला: इथेनॉलची खरेदी-किंमत सरकार ठरवते आणि तेलकंपन्या ते विकत घेतात. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला, त्यात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. उसाला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र या किमतीत कोठेच येत नाही. डिझेलची कथा वेगळी आहे. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के जैवडिझेलचे उद्दिष्ट ठेवले गेले, परंतु त्यानंतरच्या वर्षांत मिश्रण एका टक्क्याच्या आतच रेंगाळले. त्याआधी मोगली एरंडाच्या लागवडीचा जो गाजावाजा झाला त्यात कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरी फारसे काही पडले नाही. ज्याच्या नावाचे इंधन आपण जाळतो त्याचीच कल्पना अशी मागे पडावी, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

डिझेलची एक इच्छा याहूनही मागे पडली. अवजड वाफयंत्र केवळ धनिक कारखानदारालाच परवडते. आपले लहान यंत्र सुताराच्या, विणकराच्या घरी पोहोचले तर त्याचे स्वातंत्र्य त्याला परत मिळेल, अशी त्याची श्रद्धा होती. १९०३ साली त्याने कामगारांच्या परस्पर साहाय्यावर एक ग्रंथ लिहिला. तो फारसा खपला नाही. प्रत्यक्षात त्याच्या यंत्राचा मोठा लाभ घेतला तो जहाजमालकांनी आणि नौदलांनी. १९१२ साली डेन्मार्कचे सेलँडिया हे जहाज डिझेल यंत्रांवर महासागरात उतरले आणि वाफेच्या युगाचा अस्त दिसू लागला. आपल्याकडे विहिरीवर बसलेल्या इंजिनाने मोटेच्या बैलांची सुटका केली, तेवढ्यापुरते त्याचे स्वप्न साकार झाले असे म्हणता येईल.

स्वतः डिझेल तोवर आतून खचला होता. एकस्वांच्या हक्कांतून त्याने लक्षावधी मार्क मिळवले आणि जमिनीच्या व्यवहारांत, न्यायालयीन झगड्यांत ते घालवले. प्रकृतीही साथ देत नव्हती. २९ सप्टेंबर १९१३ रोजी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या आगबोटीवर चढला. रात्रीचे भोजन आटोपून, सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी अंथरूण तसेच न विस्कटलेले होते. सुमारे दहा दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात एक प्रेत आढळले; खलाशांनी खिशातील वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा लाटांच्या स्वाधीन केला. त्या वस्तू आपल्या वडिलांच्या आहेत हे मुलाने ओळखले. घातपाताच्या कथा पुष्कळ रचल्या गेल्या. पुरावा कशालाच नाही. घरच्या हिशेबाच्या वह्या उघडल्या तेव्हा कर्जाचा डोंगर तेवढा सापडला.

त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, १९१४ साली, ब्रिटिश सरकारने आपल्या नौदलासाठी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले.