खुलताबादचा घुमट

दिवाळी जवळ आली, म्हणजे महाराष्ट्रातील मुले अंगणात दगडमातीचे किल्ले रचू लागतात. बुरूज उभे राहतात, उतारावर आळीव पेरला जातो, आणि चिमुकले मावळे तटावर पहाऱ्याला बसतात. बीड जिल्ह्यातील सिरसाळ्याच्या मुलांनी एखाद्या वर्षी किल्ल्याऐवजी जुन्या काळच्या एखाद्या योद्ध्याची कबर रचावयाचे मनात आणले, तर नमुन्यासाठी त्यांना मराठवाड्याबाहेर जावे लागणार नाही. वेरूळच्या लेण्यांजवळ खुलताबाद येथे मलिक अंबराची कबर आहे. एक चौरस वास्तू, भिंतींत कमानदार कोनाडे आणि वर एकच घुमट, एवढाच तिचा पसारा. खेळातील विटांनी ती रचता येते. ती कशी रचावी, हे पुढे येईलच. परंतु ज्याची कबर रचावयाची, तो पुरुष कोण होता, हे आधी जाणून घेणे बरे.

मलिक अंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिका खंडातील हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपिया देशात झाला. त्याचे मूळचे नाव चापू. बालवयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. त्या काळी तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यांवर धान्य, कापड आणि घोडे यांच्याप्रमाणे माणसांचाही बाजार भरत असे. मोखा, बगदाद अशा शहरांतून हा मुलगा एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेला. बगदादच्या मीर कासीम नावाच्या धन्याने मात्र त्याची कुशाग्र बुद्धी ओळखली, त्याला लिहावयावाचावयास शिकविले आणि अंबर हे नाव दिले. अंबर हे एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे नाव आहे. गुलामांना अशी किमती वस्तूंची नावे देण्याची तेव्हा रीतच होती. आईबापांनी ठेवलेले नाव, आपला गाव, आपली भाषा, हे सारे त्या मुलाने समुद्रापलीकडे ठेविले ते कायमचेच.

१५७० नंतर लवकरच तो दक्षिण हिंदुस्थानात आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान म्हणजे मंगोलांचा सुप्रसिद्ध बादशहा नव्हे. हा स्वतः हबशी होता, आणि गुलामगिरीतूनच वर चढत राज्याच्या सर्वोच्च पदी पोहोचला होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी होते. राज्यकारभार कसा चालतो, सैन्य कसे पोसावे, दरबारात कोणावर विसंबावे आणि कोणावर विसंबू नये, याचे धडे अंबराने येथे घेतले. १५७५ च्या सुमारास चंगीझखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबराला दास्यातून मुक्त केले. तेव्हा त्याचे वय सत्तावीस वर्षांच्या आसपास असेल. तो मोकळा झाला, पण आता त्याला ना धनी होता, ना आश्रय.

पुढील वीस वर्षे त्याने साध्या शिपाईगिरीत काढली. काही काळ तो विजापूरकरांच्या चाकरीतही होता. मलिक ही पदवी त्याला तेथेच मिळाली. १५९५ मध्ये तो थोड्याशा घोडेस्वारांनिशी निजामशाहीत परतला, तेव्हा राज्यावर मोठा प्रसंग गुदरला होता. अकबर बादशहाच्या फौजा अहमदनगरवर चालून आल्या होत्या. चांदबिबीने किल्ला शौर्याने लढविला. परंतु १६०० मध्ये तिचा घात झाला आणि अहमदनगर मोगलांच्या हाती गेले. निजामशाही बुडाली, असेच सर्वांना वाटले.

मलिक अंबराला मात्र तसे वाटले नाही. निजामशाही घराण्यातील मुर्तजा नावाच्या राजपुत्रास त्याने शोधून काढले, आपली कन्या त्यास दिली आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परांड्याच्या किल्ल्यात त्याला गादीवर बसविले. सिरसाळ्यापासून धारूरचा किल्ला जवळ आहे. परांडा त्याहून पुष्कळ दूर. परंतु हा सारा मुलूख तेव्हा एकाच झुंजीत सापडला होता. परांड्याहून जुन्नर, जुन्नरहून दौलताबाद, अशी राजधानी हलत राहिली. पण राज्य राहिले. बुडालेले राज्य त्याने पुढे सव्वीस वर्षे टिकवून धरिले.

हे त्याला साधले कसे? मोगलांचे सैन्य प्रचंड होते. पण त्याबरोबर तंबू, तोफा, हत्ती आणि बाजारबुणगे यांचा अवजड लवाजमा चाले. अंबर मोकळ्या मैदानात त्याच्यासमोर उभाच राहत नसे. त्याचे हलके स्वार रसद लुटीत, वैरण जाळीत, रात्री छावणीवर छापा घालीत आणि उजाडण्यापूर्वी डोंगरात नाहीसे होत. या स्वारांत मराठ्यांचा भरणा मोठा होता. मालोजीराजे भोसले, विठोजीराजे, लखुजी जाधव, आणि पुढे शहाजीराजे यांसारखे सरदार निजामशाहीच्या सेवेत पुढे आले. गनिमी काव्याची ही कला अंबराने एकट्यानेच शोधून काढली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. दख्खनचे डोंगर आणि घाट येथील माणसाला ती शिकवीतच होते. तिची शिस्त मात्र त्याने बसविली.

प्रत्येक वेळी यश आलेच, असेही नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगाव येथे त्याचा मोठा पराभव झाला, आणि त्याने वसविलेले खडकी शहर मोगलांनी उद्ध्वस्त केले. तरीही बादशहा जहांगीर याच्या मनातील सल गेला नाही. त्याच्या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात भाल्याच्या टोकावर अंबराचे छिन्न मस्तक आहे आणि जहांगीर त्यावर बाण सोडीत आहे. ते मस्तक बादशहाच्या हाती प्रत्यक्षात कधीच लागले नाही. आपल्या आठवणींतही जहांगीराने या हबशी सेनापतीचा उल्लेख हीन शब्दांत केला. जिंकता न आलेल्या शत्रूचा केवढा हा धसका! १६१७ आणि १६२१ मध्ये अंबराला तह करून मुलूख सोडावा लागला. परंतु मोगलांचा मोठा सेनापती उत्तरेकडे वळला, की तो मुलूख पुन्हा त्याच्याकडे येई.

१६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक होऊन त्याच्यावर आले. अहमदनगरजवळील भातवडी येथे तळे होते. अंबराने त्याचा बांध फोडला. सारी वाट चिखलाने भरली आणि शत्रूची अवजड फौज जागच्या जागी रुतली. मग रात्रीचे छापे सुरू झाले आणि अखेरीस दोन्ही सैन्यांची दाणादाण उडाली. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम केला. त्यांचे बंधू शरीफजी मात्र धारातीर्थी पडले. अंबराचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते.

लढाईच्या गोष्टी ऐकावयास गोड लागतात. पण शेतकऱ्याला त्याची आठवण राहिली ती वेगळ्या कारणाने. पूर्वी गावचा महसूल वसूल करण्याचा मक्ता दिला जाई, आणि मक्तेदार रयतेला पिळून काढी. अंबराने तो मक्ता बंद केला. जमिनीचा कस आणि पिकाचे मान पाहून सारा ठरविण्याची पद्धत त्याने घातली, आणि पाटील-कुलकर्णी यांचे वतन स्थिर केले. एका साली पाऊस भरपूर आणि दुसऱ्या साली आभाळ कोरडे, अशा मुलुखात सारा अंदाधुंद न घेता पिकाच्या मानाने घेणे म्हणजे काय, हे बीडकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. ही पद्धत मलिकंबरी धारा या नावाने पुढे पुष्कळ काळ ओळखली जात होती.

खडकी हे शहर त्याने १६१० मध्ये वसविले. शहर वसवावयाचे तर पाणी हवे, आणि तेथे मोठी नदी नव्हती. अंबराने उत्तरेच्या डोंगरउतारावर जमिनीत झिरपलेले पाणी अडविले आणि जमिनीखालून नळ-बोगदे काढून, केवळ उताराच्या बळावर, ते शहरात आणिले. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी झरोके ठेविले. हीच ती नहर-ए-अंबरी. जमिनीखालून पाणी शहरापर्यंत कसे येईल, अशी शंका तेव्हाच्या पुष्कळांना आली असेल. पाणी आले आणि शंका फिटली.

एक गोष्ट मात्र मनाला टोचल्यावाचून राहत नाही. जो स्वतः बाजारात विकला गेला, त्याच्याच पदरी पुढे विकत घेतलेले हबशी शिपाई होते. त्यांना वर चढण्याची वाट मोकळी होती, हे खरे. तरी बाजार चालूच राहिला.

आता कबरीकडे वळू. ही वास्तू त्याने आपल्या हयातीतच बांधविली, असे सांगतात. तिची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम विटांचा विचार करावा. घरात लाकडी अथवा प्लॅस्टिकचे ठोकळे असतील तर उत्तमच. नसतील, तर रुंदीच्या दुप्पट लांबी असलेला लहानसा लाकडी साचा करून विटा पाडाव्यात. सिरसाळ्याची शेतातली काळी माती त्यासाठी उपयोगाची नाही. ती वाळताना भेगाळते. पांढरीची माती भुसा घालून मळावी आणि विटा सावलीत वाळवाव्यात. मग चौरस चौथरा करून त्यावर चार भिंती चढवाव्यात. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नये. गवंडी याला सांधेमोड म्हणतात. ती चुकली, की भिंत बोटाच्या धक्क्याने उभी चिरते. आत कबर ठेवावयाची ती उत्तर-दक्षिण.

खरी परीक्षा पुढेच आहे. भिंती चौरस आणि घुमट गोल. मग गोल वस्तू चौकोनावर बसावी कशी? चारही कोपऱ्यांवर एकेक वीट तिरपी आडवी टाकावी. चौकोनाचा अष्टकोन होतो. अष्टकोनाचे कोपरे त्याच रीतीने मोडले, म्हणजे सोळा बाजूंची आकृती होते, आणि ती वर्तुळाच्या अगदी जवळ येते. त्यावर विटांची कडी रचीत जावे, आणि प्रत्येक कडे खालच्यापेक्षा किंचित आत घ्यावे. घाई करून वीट फार आत सरकविली, तर सारा घुमट आत कोसळतो. विटेचा अर्ध्याहून अधिक भाग खालच्या विटेवर टेकलेला असावा आणि मागची बाजू मातीने दाबलेली असावी, म्हणजे तो तोल सांभाळतो. दोनतीनदा पडला तरी हरकत नाही. चौकोनावर घुमट चढविण्याची ही अडचण जुन्या कारागिरांपुढेही होती आणि तीही त्यांनी कोपरे मोडूनच सोडविली.

मलिक अंबर मे १६२६ मध्ये मरण पावला. तेव्हा त्याचे वय सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या मोगल दरबाराने त्याची निंदा केली होती, त्याच दरबारच्या इतिहासकाराने त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या शौर्याची, न्यायाची आणि कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती लिहून ठेविली. पुढच्याच वर्षी जहांगीरही गेला. त्याची भव्य कबर लाहोरजवळ आहे.

अंबराचा मुलगा फत्तेखान याला बापाची बुद्धी लाभली नव्हती. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांनी घेतला. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे निजामशाहीची बाजू लढविली, आणि १६३६ मध्ये ते राज्य संपले. खडकीला फत्तेखानाने फत्तेनगर म्हटले, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, तरी नहरीचे पाणी त्या शहराने तीनशेहून अधिक वर्षे प्यायले.

जहांगीराचा नातू औरंगजेब दख्खन जिंकण्यासाठी आला आणि पंचवीस वर्षे येथेच झगडत राहिला. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला. त्याचे शव खुलताबादेस आणून उघड्या आभाळाखाली एका साध्या कबरीत पुरले. मलिक अंबराचा घुमट त्याच गावात तेव्हा ऐंशी वर्षांचा झाला होता.