हरिभाऊ आपटे : निवेदकाच्या शोधातील लेखक

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई बालपणीच निवर्तली आणि पुढील वाढ मुंबई-पुण्याच्या एकत्र कुटुंबात झाली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांचा सहवास त्यांना लाभला. मात्र हा विद्यार्थी गुरूंपुढे नुसता मान तुकविणारा नव्हता. आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या हॅम्लेटच्या भाषांतरावर त्यांनी विद्यार्थिदशेतच दीर्घ परीक्षण लिहिले. पदवी मात्र हाती लागली नाही. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि संस्कृत पोथ्यांच्या त्या वास्तूत मराठी कादंबरीचे नवे युग आकारास आले.

‘मधली स्थिति’ (१८८५) या पहिल्या कादंबरीवर रेनॉल्ड्सच्या वळणाची छाया आहे. तेथील निवेदक सर्वज्ञ आहे. तो सर्वत्र संचार करतो व वाचकाला हाताला धरून हिंडवतो. अवघ्या पाच वर्षांनी, १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू होताच त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. येथे निवेदनाची सूत्रे यमू या ब्राह्मण घरातील मुलीच्या हाती आहेत. हा बदल केवळ तंत्राचा मानणे अपुरे ठरेल. माजघरातील स्त्रीला जेवढे दिसते, जेवढे कानी पडते, तेवढेच वाचकाला कळते. पुरुषांचे निर्णय ओसरीवर होतात. त्यांचे परिणाम तेवढे यमूपर्यंत पोहोचतात. ज्ञानाची ही मर्यादा हाच त्या कादंबरीचा आशय होय. शिवाय सोसणारी मुलगी आणि पुढे ते सारे आठवून लिहिणारी विधवा या एकाच ‘मी’मध्ये नांदतात. त्यामुळे मुंबईच्या बिऱ्हाडातील सुखाच्या प्रसंगांवरही पुढील केशवपनाचे सावट पडते. सुधारणेची बाजू सर्वज्ञ निवेदकाने मांडली असती तर ती बहुधा व्याख्यान झाली असती.

काशीबाई कानिटकरांशी असलेला वाङ्मयीन स्नेह या संदर्भात नजरेआड करता येत नाही. लिहित्या स्त्रीच्या मनाशी असा नित्य परिचय त्या काळच्या पुरुष लेखकाला दुर्मिळच.

‘मी’ या कादंबरीत भावानंदाच्या रूपाने प्रथमपुरुषी निवेदन पुन्हा येते. ‘उषःकाल’सारख्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र हरिभाऊ वाचकाला संबोधणाऱ्या जुन्या निवेदकाकडे परततात. हा पराभव नव्हे. विस्तृत पटाला तो निवेदक सोयीचा होता, एवढेच.

‘करमणूक’मधील स्फुट गोष्टींकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. वस्तुतः साप्ताहिकाच्या मोजक्या जागेने त्यांना पाल्हाळ आवरावयास लावले. दुष्काळावरील ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही गोष्ट मराठी कथेच्या इतिहासात पुनःपुन्हा उल्लेखिली जाते, ती याच कारणाने. कादंबरीचा सारांश म्हणजे गोष्ट, ही तत्कालीन समजूत तेथे मागे पडते.

१९१२ मध्ये अकोला येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ‘करमणूक’ १९१७ मध्ये थांबले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात हरिभाऊंचे निधन झाले.