जॉक स्टीन : कोळशाच्या खाणीतून युरोपच्या शिखरावर

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या पूर्व भागात १९व्या शतकात आयर्लंडमधून आलेली हजारो कॅथोलिक कुटुंबे अत्यंत हलाखीत राहत होती. त्यांच्या मुलांना दोन घास मिळावेत म्हणून मारिस्ट संस्थेचे ब्रदर वॉलफ्रिड यांच्या पुढाकाराने १८८७ साली सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सेल्टिक फुटबॉल क्लबची स्थापना झाली. या क्लबला युरोपच्या शिखरावर नेणारा प्रशिक्षक मात्र कॅथोलिक नव्हता. त्यांचे नाव जॉक स्टीन.

स्टीन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९२२ रोजी लॅनार्कशायरमधील बर्नबँक येथे एका प्रॉटेस्टंट खाणकामगार कुटुंबात झाला. कोवळ्या वयातच ते कोळशाच्या खाणीत उतरले. १९४२पासून ते ॲल्बियन रोव्हर्स या लहानशा क्लबकडून बचावपटू म्हणून खेळू लागले, पण खाणीतले काम सुटले नाही. १९५० साली वेल्समधील लॅनेली क्लबने त्यांना पूर्णवेळ खेळाडू म्हणून घेतले, तेव्हा कुठे त्यांच्या हातातील कुदळ खाली ठेवली गेली. तोवर वयाची सत्ताविशी उलटली होती. परमुलुखात त्यांचे मन रमेना. खेळ सोडून पुन्हा खाणीत जावे की काय, असा विचार मनात घोळत असतानाच डिसेंबर १९५१मध्ये सेल्टिकचे बोलावणे आले, तेही राखीव संघासाठी.

हे बोलावणे स्वीकारणे सोपे नव्हते. त्या काळी ग्लासगोत फुटबॉलचा संघ म्हणजे जणू धर्माची निशाणी होती. स्टीन यांचे घराणे प्रतिस्पर्धी रेंजर्सचे चाहते. सेल्टिकचा गणवेश अंगावर चढताच काही जुन्या मित्रांनी त्यांच्याशी बोलणेच सोडले. ही जखम त्यांनी मूकपणे सोसली.

मुख्य संघातील बचावपटू जखमी झाल्याने त्यांना संधी मिळाली आणि पुढे ते कर्णधारही झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली सेल्टिकने १९५४ साली लीग आणि स्कॉटिश चषक दोन्ही जिंकले. मात्र घोट्याच्या दुखापतीमुळे १९५७ साली त्यांना खेळातून निवृत्त व्हावे लागले.

जे दुर्दैव वाटले, तेच नव्या कार्याचे द्वार ठरले. सेल्टिकच्या तरुण खेळाडूंना घडवल्यानंतर १९६० साली ते डनफर्मलिनचे व्यवस्थापक झाले आणि पुढच्याच वर्षी त्या लहान क्लबने अंतिम सामन्यात सेल्टिकलाच हरवून स्कॉटिश चषक पटकावला. हिबर्नियनमधील अल्प कारकिर्दीनंतर मार्च १९६५मध्ये सेल्टिकने त्यांना परत बोलावले. क्लबचे ते पहिले अकॅथोलिक व्यवस्थापक होते.

२५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे युरोपियन चषकाचा अंतिम सामना झाला. इटलीच्या बलाढ्य इंटर मिलानने पेनल्टीवर आघाडी घेतली, परंतु सेल्टिकने सतत आक्रमण करून २-१ असा विजय मिळवला. हा चषक जिंकणारा तो पहिला ब्रिटिश क्लब. संघातील सर्व खेळाडू ग्लासगोपासून सुमारे ३० मैलांच्या परिसरात जन्मलेले होते आणि कॅथोलिक व प्रॉटेस्टंट खांद्याला खांदा लावून खेळले होते. १९६६ ते १९७४ या काळात सेल्टिकने सलग ९ वेळा लीगचे विजेतेपद मिळवले.

१९७५ साली झालेल्या भीषण मोटार अपघातातून ते बचावले. १९७८ साली सेल्टिकची जबाबदारी सोडल्यावर त्याच वर्षी त्यांच्यावर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाची धुरा आली. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्धचा विश्वचषक पात्रतेचा सामना १-१ असा बरोबरीत सुटत असतानाच ते कोसळले आणि मैदानाच्या त्याच वास्तूत त्यांची प्राणज्योत मालवली. ते ६२ वर्षांचे होते.

भुकेल्या कॅथोलिक मुलांसाठी एका ब्रदरांनी लावलेले रोपटे एका प्रॉटेस्टंट खाणकामगाराने वाढवले. आपल्या धर्मग्रामातील मैदानांवर आज विविध धर्मांची मुले एकत्र खेळतात. संघ निवडताना मुलाचे आडनाव न पाहता त्याचा खेळ पाहणे, हीच स्टीन यांना खरी आदरांजली ठरेल.