घोड्यांचे डॉक्टर आणि हवेचं चाक

गाडी सुरू केली की कधीकधी समोर एक पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मधोमध उद्गारचिन्ह. खरं म्हणजे ते टायरचं चित्र आहे आणि टायरमधली हवा कमी झाली, असं ते सांगतं. मला मात्र ते पाहून घोडाच आठवतो. कारण हवेचे टायर जगभर पोचले ते घोड्यांच्या एका डॉक्टरांमुळे.

जॉन बॉइड डनलप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. लहानपणी त्यांची तब्येत नाजूक होती. ते एडिंबरोला जनावरांचे डॉक्टर झाले आणि १८६७ साली आयर्लंडला आले. पुढे बेलफास्ट शहरात त्यांचा चांगला जम बसला.

त्यांच्या मुलाकडे, जॉनीकडे, तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांना भरीव रबर होतं आणि बेलफास्टचे रस्ते दगडी. सायकल खडखड करायची, अंग हादरायचं. १८८७ साली डनलप यांनी एक लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराची नळी करून ती तबकडीभोवती गुंडाळली, वर कापड ताणून बारीक खिळ्यांनी ठोकलं. फुटबॉलच्या पंपानं नळीत हवा भरली. पण हवा आत राहणार कशी? आपण फुग्याला गाठ मारतो ना, तसं त्यांनी नळीचं तोंड बांधून टाकलं!

मग त्यांनी अंगणात दोन चाकं घरंगळत सोडली. सायकलचं चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक मात्र थेट फाटकावर आपटलं आणि उलटं परत आलं.

१८८८ साली त्यांना पेटंट मिळालं. पुढच्या वर्षी मे महिन्यात विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे जाडजूड टायर लावून बेलफास्टच्या शर्यतींत उतरला. लोक आधी हसले. ह्यूमनं शर्यती जिंकल्या, तेव्हा हसू थांबलं. हरलेल्यांमध्ये हार्वे द्यू क्रो या डब्लिनच्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. बापानं रागावण्याऐवजी टायरची कंपनी काढायला घेतली, आणि डनलप तिच्यात सामील झाले.

आणि मग घात झाला. १८९० साली कळलं की हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच घेतलं होतं. थॉमसनसुद्धा स्कॉटलंडचेच! तेव्हा सायकली नव्हत्या, म्हणून त्यांचा शोध लोक विसरून गेले होते. डनलप यांना तो माहीत नव्हता. पण कायद्यापुढे हे कसं चालणार? त्यांचं पेटंट रद्द झालं.

कल्पना कुणाचीही असो, टायर टिकणार होता तो बारीकसारीक भागांवर. चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार घातलेला टायर केला. तो रिमवरून काढता येई, त्यामुळे पंक्चर काढणं सोपं झालं. चार्ल्स वुड्स यांनी चांगला व्हॉल्व्ह केला. भोक असलेल्या छोट्या नळीवर रबराची नळी चढवायची. पंपाची हवा तिला ढकलून आत जाते, बाहेर येऊ लागली की तीच नळी भोक दाबून धरते. भारतातल्या साध्या सायकलींना अजून असाच व्हॉल्व्ह असतो. सायकलवाला आधी ती चिमुकली नळी बदलून बघतो. विश्वास नसेल तर आजोबांना विचारा! गंमत म्हणजे वुड्स यांच्या या व्हॉल्व्हलाही बरेच लोक डनलप व्हॉल्व्ह म्हणतात.

मोटारीचा व्हॉल्व्ह वेगळा. तो न्यूयॉर्कच्या श्रेडर यांच्या कारखान्यातून आला. आत स्प्रिंगची छोटी पिन असते. आता बऱ्याच गाड्यांत त्याच व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना अशी दाब ओळखणारी यंत्रणा लागतेच. सेन्सरची बॅटरी आतच बंद केलेली असते. काही वर्षांनी ती संपते, आणि हवा ठीक असूनही दिवा लुकलुकतो. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे आणखी एक भानगड. व्हॉल्व्हची दांडी ॲल्युमिनियमची आणि पिन पितळेची असली, तर मीठ आणि पाण्यानं दोन्ही गंजून एकमेकांना घट्ट चिकटतात. पिन काढायला जावं तर दांडीच मोडते. म्हणून अशा दांडीत निकेलचा मुलामा दिलेली पिन घालतात. एवढीशी वस्तू, पण चुकीची घातली तर अख्खा सेन्सर बदलायची वेळ येऊ शकते.

डनलप यांचं द्यू क्रोंशी फारसं जमलं नाही. १८९५ साली ते कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती ३० लाख पौंडांना विकली गेली. त्यातलं डनलप यांच्या वाट्याला काही आलं नाही.

नाव मात्र कंपनीकडेच राहिलं आणि दाढीवाला चेहराही. म्हातारपणी त्यांनी पाहिलं, तर जाहिरातींत त्यांच्या चेहऱ्याखाली एका छानछोकी माणसाचं अंग जोडलेलं. उंच टोपी, हातात काठी! साध्या राहणीच्या डनलप यांना ते मुळीच आवडलं नाही. आपल्याच नावाच्या कंपनीविरुद्ध ते कोर्टात गेले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. तोपर्यंत मोटारी, सायकली आणि विमानंसुद्धा हवेच्या चाकांवर धावू लागली होती.