विरोधी पक्षनेते ते राज्यपाल : आर. डी. भंडारे यांच्या वाटचालीचा धडा

महाराष्ट्र विधानसभेचा विरोधी पक्षनेता एकेकाळी आंबेडकरी चळवळीतला होता, हे आज आपल्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही. ते होते ॲड. रामचंद्र धोंडिबा भंडारे.

1916 साली जन्मलेले भंडारे मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पुढारी म्हणून घडले. 1957 च्या निवडणुकीत फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. 1960 ला महाराष्ट्र राज्य आले आणि विरोधी पक्षनेतेपद भंडारे यांच्याकडे आले. समोर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. धर्मांतराला जेमतेम चार वर्षे झालेल्या समाजासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

पण ते पद दोन वर्षेच टिकले. समितीची एकी संपली, पक्षातही गट पडले. 1962 ला 264 जागांच्या विधानसभेत रिपब्लिकन पक्षाचे फक्त 3 आमदार निवडून आले. विरोधी पक्षनेतेपद शेतकरी कामगार पक्षाच्या कृष्णराव धुळपांकडे गेले.

पुढे भंडारे काँग्रेसमध्ये गेले. 1967 आणि 1971 ला ते मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. 1973 ला बिहारचे राज्यपाल झाले आणि ही जागा रिकामी झाली. जानेवारी 1974 च्या पोटनिवडणुकीवर दलित पँथरने बहिष्कार पुकारला. 5 जानेवारीला वरळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. 10 तारखेच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. काँग्रेसचे रामराव आदिक हरले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे जिंकल्या.

तिकडे पाटण्यात 18 मार्च 1974 ला विद्यार्थ्यांनी विधिमंडळाला घेराव घातला, तो राज्यपाल भंडारे यांचे अभिभाषण रोखण्यासाठी. 5 जूनला विधानसभा बरखास्तीच्या मागणीसाठी जयप्रकाश नारायण यांचा मोर्चा राजभवनावर गेला. एकेकाळी सरकारला जाब विचारणारा माणूस आता सरकारच्या बाजूने उभा होता. 1976 ला ते आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले.

भंडारे यांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. आपण मोठमोठे वक्ते, वकील घडवले, पण त्यांच्यामागे उभी राहील अशी एकसंध संघटना ठेवली नाही. 3 आमदारांच्या पक्षात हुशार माणसाला सत्तेचे दार मोठे दिसणारच. म्हणून त्यांच्या निर्णयाची जबाबदारी संपत नाही. राज्यपालपद मोठे खरे, पण ते नेमणुकीने मिळते आणि नेमणाऱ्याला बांधील असते. विरोधी पक्षनेतेपद छोटे असेल, पण ते लोकांच्या मतांवर उभे असते.

आज आपले कार्यकर्ते महामंडळ, समिती, एखादी उमेदवारी यासाठी दारोदार फिरताना दिसतात. पद जरूर घ्यावे. मात्र ते कोणाच्या बळावर मिळाले, एवढे आधी तपासावे.